काचेवरचा दाणा

दिवाळी आठ दिवसांवर आली म्हणजे आमच्या घरी रव्याच्या लाडवांचा पाक चुलीवर चढे. आई पातेल्यापाशी बसे, झाऱ्याच्या टोकावरचा एक थेंब फुंकर मारून निववी, आणि अंगठा व तर्जनी यांच्यात धरून बोटे हळूच फाकवी. दोन बोटांमध्ये केसासारखी तार उभी राहिली, की पातेले खाली! मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो आणि रसायनशास्त्र नुकतेच डोक्यात शिरले होते. मी विचारले, "आई, किती अंशांना झाला पाक?" ती म्हणाली, "अंश तुझे तू बघ. तार आली म्हणजे झाला." माझ्या हट्टाखातर त्या वर्षी तिने मला पाकात थर्मामीटर बुडवू दिला. तो पुसण्यात आणि वाचण्यात वेळ गेला, आणि लाडू असे झाले की भाऊबीजेला बहिणीने ते अडकित्त्याने फोडले.

पुढे मी साखर कारखान्यात केमिस्ट झालो, आणि नोकरीची सारी वर्षे त्या एकाच प्रश्नात गेली. पाक 'झाला' हे ओळखायचे कोणी आणि कशावरून? घरात या प्रश्नाचे उत्तर चुकले तर लाडू बिघडतात. कारखान्यात चुकले तर शेकडो शेतकऱ्यांच्या उसाचा भाव बिघडतो. या प्रश्नाला दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. फराळाचे ताट पुढे असताना तो ऐकायला हरकत नाही.

आधी साखरेचा स्वभाव समजून घेऊ. २० अंश सेल्सियसच्या १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. ८० अंशांना साडेतीनशे ग्रॅमहून अधिक. असा तृप्त झालेला गरम पाक आटवला किंवा निववला, म्हणजे पाण्याने आपल्या ऐपतीबाहेरचा बोजा उचललेला असतो. यालाच शास्त्रात अतिसंपृक्त द्रावण म्हणतात. हा बोजा ते कधीतरी टाकणारच. पण तो कसा टाकेल, यात सारे मर्म आहे. थोडे दाणे सावकाश वाढले तर साखर टपोरी आणि स्वच्छ होते. घाई झाली तर एकाच क्षणी असंख्य बारीक कण जन्माला येतात. सेंट्रिफ्यूगल यंत्राच्या जाळीवर दाणे आणि मळी वेगळी करताना हे बारीक कण एकतर मळीबरोबर वाहून जातात, नाहीतर टपोऱ्या दाण्यांच्या फटी बुजवून मळीची वाट अडवतात. म्हणजे शेतात पिकलेली साखर मळीच्या भावाने जाते. पाकात लिंबू पिळले की तो लवकर साखरत नाही, हे गृहिणींना ठाऊक असते. आंबटपणाने साखरेचे काही रेणू फुटतात आणि ते स्फटिक बांधण्याच्या आड येतात. स्वयंपाकघरात हे सोयीचे. कारखान्यात मात्र रस आंबला की केमिस्टच्या पोटात गोळा येतो.

स्फटिकाची ही कला मूळची आपल्या देशातली. कौटिलीय अर्थशास्त्रात फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी नावे ओळीने येतात. त्यांतले मत्स्यंडिका हे नाव मला फार आवडते. मत्स्यांड म्हणजे माशाचे अंडे; पाकात उमटलेले बारीक, गोल, चकचकीत दाणे ज्याने पाहिले, त्यालाच हे नाव सुचेल. दाण्याचा आकार डोळ्याने ओळखून त्याला नाव देणे, ही नियंत्रणाची पहिली पायरी होय. पुढे चीनच्या ताइझोंग सम्राटाने इ.स. ६४७ च्या सुमारास साखर करण्याची रीत शिकून घेण्यासाठी मगधात माणसे पाठवली, अशी चिनी इतिहासात नोंद आहे. उत्तरेकडच्या खांडसरीत पाक संथपणे दाणा धरू देत, आणि वर ओल्या पाणवनस्पतीचा थर पसरत. त्यातून झिरपणारे पाणी दाण्यांवरची मळी धुऊन खाली नेई. आपल्याकडच्या गुऱ्हाळात काहिलीपाशी उभा असलेला गुळव्या आजही थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकून गोळी वळते का ते पाहतो. त्याने मान हलवली की चारजण काहील उचलतात. बाकी कोणाच्या मान हलवण्याला तिथे किंमत नाही.

मात्र ही कला समुद्र ओलांडून वेस्ट इंडीज बेटांवर गेली, तेव्हा तिच्याबरोबर एक मोठे पाप जडले. तिथले उसाचे मळे आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर चालत. एका रांगेत मांडलेल्या कढयांतून रस पुढे पुढे सरके आणि शेवटच्या, सर्वांत लहान कढईत पाक होई. त्या कढईपाशी उभा असलेला मुख्य आचारी बहुधा गुलामच असे. तोही अंगठा आणि तर्जनी यांच्यात तार ओढून पाहत असे, आमच्या आईसारखीच! मळ्यात सर्वांत मोलाचा माणूस हाच, आणि स्वतःच्या देहावर हक्क नसलेलाही हाच. मालकाचे वर्षाचे उत्पन्न एका गुलामाच्या बोटांत होते.

या बोटांवरचा भार उतरवण्याचा एक जुना प्रयत्न १७७५ सालचा आहे. जमैकातल्या बेकर नावाच्या बॅरिस्टराने साखर करण्यावर एक पुस्तिका लिहिली. तारेवर विसंबण्याऐवजी पाकाचे दोन-चार थेंब काचेच्या लहानशा तुकड्यावर घ्यावेत, बाहेर हवेत न्यावेत, आणि थंड झाल्यावर दाणा मोकळा धरतो का, कडेला मळी सुटते का ते पाहावे, अशी त्याची सूचना होती. वाचकांनी हा काचेचा तुकडा लक्षात ठेवावा. मला तो पुढे नगर जिल्ह्यात भेटणार आहे.

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सजवळ १७९५ साली एत्येन द बोरे नावाच्या मळेवाल्याने नीळ बुडाल्यावर साखरेवर सारे पणाला लावले. त्या भागातल्या उसाच्या रसाचा दाणेदार माल होत नाही, असा समज होता. शेवटच्या कढईतला पाक निवत असताना आसपासची मंडळी श्वास रोखून उभी होती, आणि दाणा धरला असे कळताच आनंदाची लाट उसळली, असे वर्णन त्याचा नातू शार्ल गायारे याने आपल्या इतिहासात केले आहे. त्या हंगामाची साखर बारा हजार डॉलरांना गेली. इतिहासात नाव बोरेचे राहिले. पण पाकावर नजर ठेवायला सँ-दोमँग बेटातला एक जाणकार आचारी आणला होता, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

उघड्या कढईत आणखी एक अडचण होती. पाक घट्ट होत जाई तसा तो तापत जाई, शंभर अंशांच्या वर जाई, आणि साखर करपून तिचा रंग बिघडे. यावर तोड काढली एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड या इंग्रज रसायनज्ञाने. हा नॉर्फोकच्या ड्यूकच्या घराण्यातला. याने १८०० साली पाऱ्याचा एक स्फोटक क्षार शोधला आणि त्यापायी स्वतःला इजाही करून घेतली. १७९८ साली काशीजवळ पडलेल्या उल्केचे रासायनिक पृथक्करण करणाराही हाच! १८१२-१३ मध्ये त्याने बंद भांड्यातली हवा पंपाने काढून घेऊन त्यात पाक शिजवण्याची युक्ती काढली. हवेचा दाब नसला की पाणी कमी उष्णतेत उकळते. त्यामुळे साखरेचा पाक ६०-६५ अंशांनाच आटू लागला. हीच आजची व्हॅक्यूम पॅन.

भांडे बंद झाले आणि आचाऱ्याचे बोट बाहेर राहिले. आता आत काय चालले आहे ते कळायचे कसे? म्हणून पॅनला काचेची खिडकी आली, आणि आतली निर्वात जागा न बिघडवता चमचाभर पाक बाहेर काढणारी पितळेची दांडी आली. तिला प्रूफ-स्टिक म्हणतात. बाहेर आलेला पाक पाहायचा कशावर? तर काचेच्या तुकड्यावर, उजेडासमोर धरून. बेकरची काच पुन्हा हातात आली.

याच काळातल्या आणखी एका माणसाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. नॉर्बर्ट रिलिए हा न्यू ऑर्लिन्सला १८०६ साली जन्मला. बाप गोरा, आई कृष्णवर्णीय वंशाची मुक्त स्त्री. पॅरिसमध्ये शिकून तो वाफेच्या यंत्रांचा जाणकार झाला. एका भांड्यातून निघालेल्या वाफेवरच पुढचे भांडे तापवायचे आणि त्याच्या वाफेवर त्याच्या पुढचे, अशी रस आटवण्याची रचना त्याने केली; तिची पेटंटे १८४३ आणि १८४६ सालची आहेत. जळण वाचले, माणसांची भाजणारी अंगे वाचली, आणि पॅनकडे जाणारा रस एकसारखा दाट येऊ लागला. रस एकसारखा नसेल तर पुढचे सारे नियंत्रण व्यर्थ. ज्या मळेवाल्यांचा त्याने एवढा फायदा करून दिला, त्यांच्या समाजात रंगामुळे त्याला बरोबरीचे स्थान नव्हते. अखेर तो पॅरिसला परतला, इजिप्तच्या चित्रलिपीच्या अभ्यासात रमला, आणि १८९४ साली तिथेच वारला. त्याच्या रचनेवाचून आज एकही मोठा साखर कारखाना चालत नाही.

बोटाला जे कळत होते ते शब्दांत मांडायला एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. विल्हेल्म ओस्टवाल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये दाखवले की अतिसंपृक्त द्रावणाच्या दोन अवस्था असतात. पहिलीत आधीचे दाणे वाढतात, पण नवे आपोआप जन्मत नाहीत. दुसरीत द्रावण अगदी अस्थिर असते आणि दाणे धडाधड उमटतात. साखरवाल्यांनी या दोहोंमध्ये आणखी एक पट्टा ओळखला: आधीचे दाणे असतील तर त्यांच्या सोबतीने नवेही उमटतात. विरघळू शकेल त्याच्या सव्वापटीच्या आसपास साखर पाकात साठली की हा धोका सुरू होतो. पॅनवरच्या माणसाने सारा वेळ पहिल्या पट्ट्यातच राहायचे असते, आणि ती वाट पाऊलवाटेसारखी अरुंद आहे.

पहिले दाणे आणायचे कसे, हाही प्रश्न होता. पूर्वी पाक अस्थिर होईपर्यंत आटवत आणि दाणे उमटले की घाईने आवरत. नंतर बाहेरून बी टाकण्याची पद्धत रूढ झाली: मद्यार्कात घोटलेली अतिसूक्ष्म साखर. तिचा हिशेब मुलांनाही सांगण्यासारखा आहे. दाण्याची लांबी शंभरपट वाढली तर वजन दहा लाख पट वाढते. म्हणजे एकही दाणा वाया गेला नाही, तर एक ग्रॅम बियाण्यातून एक टन साखर उभी राहील! प्रत्यक्षात बी अधिक लागते. पण किती दाणे हवेत ते आपण ठरवायचे, पाकाने नव्हे, हा विचार मोठा होता.

आपल्याकडे १९३२ च्या संरक्षक जकातीनंतर कारखाने भराभर निघाले. १९३६ साली कानपूरला साखरविद्येची संस्था आली. आणि १९५०-५१ च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांचा स्वतःचा सहकारी कारखाना सुरू झाला. त्याच्या पाठोपाठ जे अनेक निघाले, त्यांतल्या नगर जिल्ह्यातल्या एका कारखान्यात मी १९६५ साली कामाला लागलो. तिथे पॅनवर तात्या होते.

तात्या चौथी शिकलेले. चाळीस टनांच्या पॅनसमोर स्टुलावर बसत. डोक्याला उपरणे, खिशात काचेची एक पट्टी. प्रूफ-स्टिकने पाक काढून काचेवर पसरत, दिव्याकडे धरत, आणि एका नजरेत सांगत, "अजून दोन घोट द्या," म्हणजे सिरपचा झडप दोनदा उघडा. पॅनमधल्या उकळीच्या आवाजावरूनही त्यांना कळे. मला ते 'साहेब' म्हणत आणि मी त्यांना 'अहो तात्या'. पण शिक्षक कोण आणि विद्यार्थी कोण, याविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती. माझ्या एकट्याच्या मनात होती.

एका रात्री माझी शिफ्ट होती. पॅन लवकर उरकावी म्हणून तात्या चहाला गेले असताना मी कंडेन्सरचे पाणी वाढवले. व्हॅक्यूम पंचवीस इंचांवरून सत्तावीस इंचांवर गेला. मला अभिमान वाटला. पण व्हॅक्यूम वाढला म्हणजे उष्णता उतरली, आणि उष्णता उतरली म्हणजे पाण्याची ऐपत घटली, हे माझेच पुस्तक माझ्या ध्यानात राहिले नाही. तात्या आले, काच दिव्याला लावली. टपोऱ्या दाण्यांमध्ये धुरासारखा बारीक चुरा दिसत होता. यालाच आम्ही खोटा दाणा म्हणतो.

"साहेब, पाणी कुणी वाढवलं?"

"मी."

"बरं. आता बसा हितं, अन् काचेकडं बघत ऱ्हा."

त्यांनी व्हॅक्यूम उतरवला, पॅन तापू दिली, थोडे थोडे पाणी देत चुरा विरघळवला. अडीच तास गेले. तोवर सिरपच्या टाक्या भरल्या आणि गव्हाण बंद करावी लागली. बाहेर गाडीतळावर थंडीत बैलगाड्यांची रांग उभी होती. माणसे शेकोट्या पेटवून बसली होती, आणि गाडीतला ऊस वाळत होता. एक लाख टन उसामागे साखरेचा उतारा एक दशांश टक्का घटला, तर शंभर टन साखर जाते. ती साखर त्या शेकोट्यांभोवतीच्या माणसांची होती. सकाळी चीफ केमिस्टनी विचारले तेव्हा तात्या एवढेच म्हणाले, "दाणा फुटला होता, धुतला." माझे नाव त्यांनी घेतले नाही.

१९६९ मध्ये आमच्याकडे विजेची वाहकता मोजणारे यंत्र आले. पाक दाट होत जातो तशी त्यातून वीज वाहणे कमी होते, हे त्याचे तत्त्व. यंत्र बसवणारा इंजिनियर तीन आठवडे तात्यांच्या शेजारी बसला. तात्या काच पाहून "आता" म्हणत, आणि तो सुईचा आकडा टिपून घेई. असे शंभरएक 'आता' जमले, त्यांची सरासरी निघाली, आणि यंत्राला तो आकडा शिकवला गेला. यंत्राने काम चोख केले. रात्री-अपरात्री ते पेंगत नसे. पुढच्या वर्षी तात्या निवृत्त झाले, आणि त्यांचे स्टूल आम्ही भांडारात जमा केले.

मग १९७२ चा दुष्काळ आला. हंगामात ऊस थोडा आणि पॅनमागून पॅन खोट्या दाण्याने बिघडू लागली. यंत्र तपासले, तारा तपासल्या; दोष सापडेना. अखेर मी जीप घेऊन तात्यांच्या गावी गेलो. ते काही न बोलता चप्पल घालून निघाले. कारखान्यात आल्यावर त्यांनी काच मागितली नाही. आधी सिरपचा थेंब जिभेवर ठेवला.

"खारट हाय," ते म्हणाले. "औंदा ऊस विहिरींच्या तळाच्या पाण्यावर जगलाय."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. क्षार वाढले की वाहकता वाढते. पाक पुरेसा दाट झाला तरी वीज जास्तच वाहत होती, म्हणून यंत्राला तो पातळ वाटे. ते आणखी आटवू देई, आणि पाक आपली पाऊलवाट सोडून पलीकडच्या पट्ट्यात जाई. तात्या दोन रात्री काच घेऊन बसले, नवे 'आता' सांगितले, आणि आम्ही सुई नव्या आकड्यावर नेली.

त्यावर मी बारा पानांचा निबंध लिहिला, आलेख काढले, तज्ज्ञांच्या एका बैठकीत तो वाचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या बारा पानांत क्षार होते, वाहकता होती. तात्यांची जीभ मात्र कुठेच नव्हती. शास्त्रीय निबंधात जिभेला काय स्थान, असे मला तेव्हा वाटले. जमैकातल्या आचाऱ्याविषयी कोणालातरी असेच वाटले असेल. तात्या जाऊन आता बरीच वर्षे झाली. तो राहून गेलेला परिच्छेद आज या अंकात लिहितो आहे.

यंत्रांवर माझा राग नाही. उलट, ती आली म्हणून साखर एकसारखी झाली. वाण्याकडे एम-३० किंवा एस-३० मागितली की कोणत्या आकाराचा दाणा मिळेल ते ठरलेले असते. आता पॅनच्या पोटात प्रकाशाचे वक्रीभवन मोजणारी उपकरणे असतात. क्षारांनी ती तितकीशी फसत नाहीत. काही वर्षांपूर्वी मी एका कारखान्यात गेलो होतो. थंडगार खोलीत पडद्यावर आलेख सरकत होते, आणि मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली एक मुलगी सहा पॅन सांभाळत होती. मी सहज विचारले, "या सगळ्यावर भरवसा आहे ना?" ती म्हणाली, "आहे की, सर," आणि टेबलाच्या खणातून काचेची पट्टी काढून दाखवली. "पण पाळीला एकदा जाऊन बघून येते."

यंदा आमच्याकडे सूनबाईंनी पाकासाठी आकडे दाखवणारा थर्मामीटर आणला आहे. नात मोठ्याने आकडे वाचत होती, आणि सूनबाई अंगठा व तर्जनी यांच्यात तार पाहत होत्या. मी दारात उभा राहून दोघींकडे बघत होतो. मध्ये काही बोललो नाही. लाडू बोटांनी फुटतात.